फलकावर नसलेली मुलगी

२९ सप्टेंबर हा जागतिक हृदयदिन. त्या आठवड्यात आम्ही कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला गेलो होतो. संध्याकाळी पुस्तके पाहावीत म्हणून औरंगपुऱ्यात आलो, तर रस्त्याच्या कडेला एक छोटा मांडव घातलेला दिसला. ‘स्त्रियांचे हृदय वाचवा’ असे कापडी फलकावर लिहिले होते. आत सहा रंगीत तक्ते, एक टेबल, वाटायची पत्रके आणि कुलूप लावलेली देणगीपेटी. कॉलेजातील मुलेमुली उत्साहाने माहिती सांगत होती. भाजीमंडईतून परतणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून दोन मिनिटे थांबत होत्या.

आम्ही सगळे तक्ते सावकाश वाचले. पहिल्यावर मोठे लाल हृदय होते. दुसऱ्यावर पन्नाशीच्या एक सुखवस्तू बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या आणि खाली लिहिले होते, ‘स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखत नाही’. तिसऱ्यावर तळलेले पदार्थ, सिगारेट, आरामखुर्ची आणि त्यांवर फुल्या. चौथ्यावर ‘ती घराचे हृदय आहे, तिला जपा’. पाचव्यावर आकडे. सहाव्यावर एका मोठ्या यंत्राचे छायाचित्र आणि मदतीचे आवाहन.

आम्ही पाचव्या तक्त्यापाशी असताना एका बाईंनी स्वयंसेवक मुलीला विचारले, “माझ्या लेकीच्या हृदयाची झडप खराब झाली म्हणून सांगितलंय घाटीत. बावीस वर्षांची आहे. तिचं काही आहे का ह्याच्यात?” मुलगी नम्रपणे म्हणाली, “नाही मावशी, हे हार्ट अटॅकचं आहे.” बाईंनी पदराच्या गाठीतून दहा रुपये काढले, पेटीत टाकले आणि त्या निघून गेल्या.

संस्थेचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही. असे तक्ते आपण सर्वत्र पाहतो, शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही. त्या मुलीचा हेतूही चांगलाच होता. पण स्त्रियांच्या हृदयासाठी उभारलेल्या मांडवात बावीस वर्षांच्या स्त्रीच्या हृदयाला जागा नसावी, हे असे कसे झाले? हा लेख त्या सहा तक्त्यांचे परीक्षण आहे. आम्ही वैद्यकीय डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत काम करणारे आहोत. त्यामुळे उपचार सुचवणे हे आमचे काम नव्हे. पण शास्त्रीय माहिती लोकांपुढे मांडताना काय घेतले आणि काय गाळले, हे तपासणे आमचे आणि शिक्षकांचे नक्कीच काम आहे.

तक्त्यांचे श्रेय

आधी तक्त्यांना त्यांचे श्रेय देऊ. हृदयविकार हा पुरुषांचा रोग आहे, ही समजूत खोटी आहे आणि ती घालवायलाच हवी. भारतात २०१६ साली झालेल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २८ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले. १९९० साली हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. यात स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ पाहणीत असे दिसले, की स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो. उशिरा येणे म्हणजे न येणे नव्हे. पण समजूत मात्र तशी झाली.

या समजुतीला संशोधकांनीही हातभार लावला आहे. ॲस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहणारा एका प्रसिद्ध अमेरिकन प्रयोगाचा अंतिम अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२,०७१ डॉक्टर सहभागी होते आणि ते सगळे पुरुष होते. निष्कर्ष मात्र ‘माणसां’विषयी म्हणून वाचला गेला. पुढे ३९,८७६ स्त्रियांवर असाच प्रयोग झाला. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा ॲस्पिरिनने स्त्रियांमधला पहिला झटका टळण्यात विशेष फरक पडला नव्हता. पक्षाघाताचे प्रमाण मात्र घटले होते. पुरुषांच्या प्रयोगात नेमके उलटे चित्र होते.

दुसरे उदाहरण संप्रेरकांचे. पाळी थांबल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक निरीक्षणांत दिसले होते. म्हणून त्या गोळ्या हृदयाचे रक्षण करतात असे मानले गेले. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरचा रीतसर प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार कमी नव्हे, तर थोडा जास्तच आढळला. आधीच्या निरीक्षणांतील गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि तब्येतीची काळजी घेणाऱ्या होत्या. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे वर्गात शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पहिल्या महिला संचालक डॉ. बर्नाडीन हीली यांनी १९९१ साली या प्रकाराला एक नाव दिले. शिकता यावे म्हणून पुरुषाचा वेष घेणाऱ्या येंटल या कथेतील मुलीवरून त्या म्हणाल्या, की स्त्रीचा रोग पुरुषासारखा दिसला तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. हा मुद्दा लक्षात ठेवू. आपल्याला तो पुढे थोडा फिरवून वापरायचा आहे.

दुसऱ्या तक्त्यातली चूक

‘स्त्रियांना छातीत दुखत नाही’ हे विधान चुकीचे आहे, आणि ही चूक घातक ठरू शकते. अमेरिकेत पंचावन्न वर्षांपर्यंतच्या, हृदयविकाराचा झटका आलेल्या २,००९ स्त्रिया आणि ९७६ पुरुषांची तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली. छातीत दुखणे, दडपण किंवा आवळल्यासारखे वाटणे हे लक्षण ८७ टक्के स्त्रियांत होते आणि पुरुषांत ८९.५ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखेच. फरक असा, की स्त्रियांमध्ये त्याच्या जोडीला मळमळ, धाप, जबड्यात किंवा पाठीत कळ अशी इतर लक्षणे अधिक आढळली. त्यामुळे रुग्णाचे आणि डॉक्टरांचेही लक्ष त्यांकडे वळते आणि ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून वेळ जातो.

वेळ जाणे हा येथला कळीचा मुद्दा आहे. भारतातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांवर रुग्णांची नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. तक्ता वाचून गेलेली बाई छातीत दुखू लागल्यावर ‘बायकांना छातीत दुखत नाही, म्हणजे हे हृदयाचे नसणार’ असे म्हणाली, तर त्या तक्त्याने तिचे नुकसानच केले. ‘छातीत दुखतेच, पण त्याबरोबर आणखीही काही होऊ शकते’ असे लिहिणे कठीण नव्हते. फक्त ते वाचून कोणी चमकले नसते.

उसने चित्र

लाल रंग, लाल पोशाख, फेब्रुवारीतला एक शुक्रवार ही पद्धत अमेरिकेतून आली. तेथे २००२ साली सरकारी संस्थेने आणि २००४ साली तेथल्या हृदयरोग संघटनेने स्त्रियांसाठी मोहिमा सुरू केल्या. हृदयविकार हे स्त्रियांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे, हे १९९७ साली तेथल्या ३० टक्के स्त्रियांना माहीत होते. २००९ साली ते प्रमाण ६५ टक्क्यांवर गेले. मोहिमेचे हे यश निर्विवाद आहे. पण २०१९ साली पुन्हा पाहणी झाली. तेव्हा हे प्रमाण पुन्हा ४४ टक्क्यांवर आले होते.

शिक्षकांना यात नवल वाटणार नाही. फळ्यावरची व्याख्या परीक्षेपुरती पाठ होते आणि पुढच्या वर्षी पुसली जाते. जी माहिती रोजच्या करण्याशी जोडलेली असते, ती टिकते. तेव्हा प्रश्न असा, की औरंगपुऱ्यातला मांडव पाहून घरी गेलेल्या बाईने नेमके काय करायचे होते?

तिसरा तक्ता पाहा. सिगारेटवर फुली आहे. पण आपल्याकडच्या किती बायका सिगारेट ओढतात? मिश्री मात्र अनेक घरांत लावली जाते. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच ती. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. कितीतरी बायका तिला तंबाखू मानतच नाहीत, दात घासायची पूड मानतात. मिश्रीच्या डबीचे चित्र त्या तक्त्यावर असते, तर निम्म्या बायका थांबून वाचत्या.

दुसरी गोष्ट चुलीच्या धुराची. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीत १२७ रुग्णांचा अभ्यास करून १९५९ साली तो प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ती निकामी होण्याचा हा रोग. इतर देशांत तो प्रामुख्याने पुरुषांना, सिगारेट ओढणाऱ्यांना होत होता. पद्मावतींना तो स्त्रियांतही पुरुषांइतकाच आढळला, आणि कमी वयात. सिगारेट न ओढणाऱ्या या बायका धूर मात्र घेत होत्या, गोवऱ्या-लाकडांच्या चुलीचा. २०१६ नंतर गॅसजोडण्या खूप वाढल्या हे खरे. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की चूल पेटतेच, हे ग्रामीण शाळेतल्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको. साठ वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या एका बाईंनी दाखवून दिलेली ही गोष्ट तक्त्यावर नव्हती. आरामखुर्ची होती.

येथे हीलीबाईंचा मुद्दा फिरवून वापरता येतो. पूर्वी स्त्रीला पुरुषासारखे दिसावे लागत होते. आता गरीब स्त्रीला सुखवस्तू स्त्रीसारखे दिसावे लागते. रोग त्या चौकटीत बसला तरच तो ‘स्त्रियांचा हृदयविकार’.

ती झडप कशी बिघडते?

आता त्या बावीस वर्षांच्या मुलीकडे वळू. तिची झडप नेमकी कशाने बिघडली हे आम्हाला माहीत नाही. पण आपल्याकडे तरुण स्त्रियांच्या झडपा बिघडण्याचे मोठे कारण संधिज्वर हे आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. याची सुरुवात रुग्णालयात होत नाही, शाळेच्या वयात घशात होते.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना घसा दुखून ताप येतो. बहुतेक वेळा तो विषाणूंमुळे असतो आणि आपोआप बरा होतो. काही वेळा मात्र ‘अ’ गटाचे स्ट्रेप्टोकोकस जीवाणू कारण असतात. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. या जीवाणूंच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने आपल्या हृदयातील प्रथिनांसारखी असतात. त्यामुळे काही मुलांत, घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, शरीराची संरक्षणयंत्रणा ओळख पटवण्यात चूक करते आणि आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला चढवते. सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, असे दुखणे फिरते. सांधे पूर्ण बरे होतात, म्हणून घरचे निर्धास्त होतात. झडपेवरचे व्रण मात्र राहतात. पुन्हा संसर्ग झाला की पुन्हा हल्ला, पुन्हा व्रण. काही वर्षांत झडपेच्या पाकळ्या जाड होतात, कडांना चिकटतात आणि वाट अरुंद होते.

कोंदट खोली, एका अंथरुणात चार मुले आणि दूरचा दवाखाना अशा ठिकाणी हा रोग टिकून राहतो. युरोप-अमेरिकेत राहणीमान सुधारले, पेनिसिलीन आले आणि तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणूनच तेथून आलेल्या तक्त्यावर तो नसतो.

हा स्त्रियांचा रोग का म्हणायचा? आफ्रिकेतील बारा देश, येमेन आणि भारत यांतील ३,३४३ रुग्णांची नोंद काही वर्षांपूर्वी झाली. त्यात ६६ टक्के स्त्रिया होत्या आणि रुग्णांचे मध्यक वय होते २८ वर्षे. दुसऱ्या तक्त्यावरच्या बाईंपेक्षा निम्म्याच वयाच्या या बाया. शिवाय या वयात गरोदरपण येते. गरोदरपणात रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होते आणि हृदयातून दर मिनिटाला जाणारे रक्तही त्याच प्रमाणात वाढते. अरुंद झडपेतून ते पुढे जात नाही, मागे फुप्फुसांत तुंबते. तोवर ‘जरा अशक्त आहे’ एवढेच ठाऊक असलेली मुलगी पाचव्या-सहाव्या महिन्यात धापा टाकू लागते. तिच्या हृदयात दोष आहे हे घराला प्रथम कळते ते तेव्हा, अनेकदा मध्यरात्री.

हे वर्गात दाखवता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापा, बुचाला लहान छिद्र पाडा आणि बाटली उलटी धरा. वरून नळाचे पाणी बारीक धारेने सोडा. ठरावीक उंचीला पाणी स्थिर होईल, म्हणजे जेवढे येते तेवढेच छिद्रातून जाते. आता धार दीडपट करा. पाण्याची उंची दीडपट होत नाही, सुमारे सव्वादोनपट होते. कारण छिद्रातून जाणारा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. बाटलीतले पाणी म्हणजे झडपेमागे, फुप्फुसांच्या बाजूला तुंबलेले रक्त. आठवी-नववीच्या मुलामुलींना वर्गमूळ आणि गरोदर बाईची धाप, दोन्ही एकदम समजतात.

पैसा कोठे घालायचा?

सहावा तक्ता यंत्रासाठी मदत मागत होता. यंत्रे हवीतच. अरुंद झडप आता छाती न उघडता, फुग्याने रुंद करता येते. पण गरीब रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा खर्च ही गोष्ट महाराष्ट्रात अगदीच अनाथ नाही. १९९७ साली जीवनदायी योजना आली. २०१२ साली ती विस्तारून नव्या रूपात सुरू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. त्यांनी शोधायच्या रोगांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आणि संधिज्वराने होणारा हृदयविकार, दोन्ही आहेत.

मग अडते कोठे? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जन्मजात हृदयदोषासाठी शस्त्रक्रिया सुचवलेल्या ४०५ मुलांचे पुढे काय झाले, हे त्यात पाहिले होते. वर्षभरात ७० टक्के मुलग्यांची शस्त्रक्रिया झाली होती. मुलींची ४४ टक्के. रुग्णालय तेच, डॉक्टर तेच, यंत्रही तेच. त्याच संस्थेच्या २०१६ सालच्या बाह्यरुग्ण नोंदी पाहिल्या, तर दर एका स्त्रीमागे १.६९ पुरुष आले होते. लोकसंख्येतील प्रमाण लक्षात घेता सुमारे चार लाख स्त्री-रुग्ण यायला हवे होते आणि आले नव्हते. गाव जितके दूर तितक्या स्त्रिया कमी.

यंत्र विकत घेऊन हा फरक मिटत नाही. मुलीला नेणार कोण, तिच्याबरोबर राहणाऱ्याची मजुरी बुडते ती कोण देणार, छातीवरचा व्रण पाहून पुढे लग्नाचे काय, हे प्रश्न रुग्णालयाच्या दाराबाहेरचे आहेत. ‘ती घराचे हृदय आहे’ या चौथ्या तक्त्याची अडचणही येथेच आहे. ती घराचे काम करते म्हणून तिला जपायचे, असा त्याचा अर्थ होतो. मग जी अजून घराच्या उपयोगी नाही, उद्या दुसऱ्या घरी जाणार आहे, त्या दहा वर्षांच्या मुलीला कशासाठी जपायचे?

आता संधिज्वराचा उपाय पाहा. एकदा तो झाला, की पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी घ्यायचे असते, अनेक वर्षे. हे औषध जुने आणि स्वस्त आहे. त्याचा गुण किती? युगांडात पाच ते सतरा वर्षांच्या ८१८ मुलांवरचा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. प्रतिध्वनी तपासणीत झडपेचा अगदी सौम्य दोष दिसलेली ही मुले होती. दोन वर्षांत, इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा दोष वाढला. न मिळालेल्यांपैकी ८.२ टक्क्यांचा. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ पासून दहा वर्षे शाळा, दवाखाने आणि पालक यांना एकत्र घेऊन कार्यक्रम राबवला गेला. शाळकरी मुलांतील या हृदयविकाराचे प्रमाण हजारी २.२७ वरून ०.२४ वर आले. यासाठी कोणतेही मोठे यंत्र लागले नव्हते.

पण स्वस्त औषधाचीही गंमत आहे. त्यात नफा नाही, म्हणून ते बनवणारे थोडे. मागच्या दशकात अनेक देशांत त्याचा तुटवडा पडला. आणि औषध असले तरी वर्षाला तेरा ते सतरा वेळा दवाखान्यात जायचे. दर खेपेला बसभाडे आणि आईचा एक रोज. मुलगी सासरी गेली की तिचे नाव माहेरच्या दवाखान्याच्या वहीत राहते आणि इंजेक्शन तुटते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की देणगीपेटीतला पैसा यंत्राआधी या खेपांसाठी, ती वही सांभाळणाऱ्या आणि चुकलेल्या मुलीच्या घरी जाणाऱ्या माणसासाठी खर्च व्हावा. त्याचे छायाचित्र काढता येत नाही, कोनशिला बसवता येत नाही. म्हणून तो मागणेही कठीण जाते, हे आम्ही जाणतो.

‘हृदयविकाराचा झटका आज कितीतरी जास्त लोकांना येतो, मग एवढा भर झडपेवर का?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मोहिमेने झटक्याविषयी बोलू नये असे आम्ही म्हणत नाही, नीट बोलावे असे म्हणतो. पण झडपेचा हा रोग जवळजवळ पूर्ण टाळता येतो, तो ऐन तारुण्यात माणूस नेतो, आणि तो सुरू होतो त्या वयात मूल दररोज पाच-सहा तास कोणाच्या तरी नजरेसमोर असते. ती नजर शिक्षकाची आहे.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकाने निदान करायचे नाही, औषध द्यायचे नाही. पाहायचे आणि पाठवायचे. घसा दुखून ताप आलेल्या मुलाला ‘होईल बरे’ न म्हणता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. सांधेदुखी फिरते आहे, जिना चढताना धाप लागते, खेळाच्या तासाला मुलगी रोज बसून राहते, अशा गोष्टी पालकांना सांगाव्यात. मुलींच्या बाबतीत ‘नाजूक आहे’ म्हणून त्या सोडून दिल्या जातात.

आणखी एक लक्षण शिक्षकांच्या विशेष उपयोगाचे आहे. संधिज्वर काही मुलांच्या मेंदूवरही परिणाम करतो आणि हातापायांच्या, चेहऱ्याच्या अनावर हालचाली होऊ लागतात. याला कोरिया म्हणतात आणि तो मुलींत अधिक आढळतो. चांगले अक्षर असलेल्या मुलीचे अक्षर अचानक बिघडते, हातातून वस्तू पडतात, ती एका जागी स्थिर बसत नाही, उगाच रडते. वर्गात तिला बोलणी बसतात. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आमच्या स्वतःच्या शाळेतली, गबाळे अक्षर काढते म्हणून सतत उभी राहणारी एक मुलगी आठवली. तिला हा रोग होता असे आम्ही म्हणत नाही. पण तेव्हा कोणाच्या मनात शंकाही आली नव्हती, एवढे खरे.

आणि तपासणी पथक येणार असेल त्या दिवशी हजेरीपट घेऊन बसावे. त्या दिवशी गैरहजर असलेली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिली असेल, तर तिला बोलावून आणावे. जी रोज येते तिच्यापेक्षा जी वारंवार येत नाही, तिलाच तपासणीची गरज अधिक असण्याचा संभव आहे.

औरंगपुऱ्यातच जिल्हा परिषदेचे आवार आहे. ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे, दोन्हींचा कारभार जिल्हा परिषदेकडेच असतो. म्हणजे जी मुलगी एका खात्याच्या हजेरीपटावर आहे, तीच दुसऱ्या खात्याच्या वहीत असायला हवी. दोन वह्या महिन्यातून एकदा शेजारी ठेवून पाहणे, एवढेच काम आहे. त्याला देणगीही फारशी लागणार नाही.

पुढच्या सप्टेंबरात तुमच्या शाळेत किंवा गावात असे प्रदर्शन भरले, तर तक्ते मुलांकडूनच करून घ्यावेत. एका तक्त्यावर मिश्रीची डबी काढावी, एकावर चूल. एकावर घसा धरून बसलेली आठ वर्षांची मुलगी काढावी, तिच्या शेजारी तीच मुलगी बावीस वर्षांची, आणि या दोघींमध्ये किती इंजेक्शने आणि किती बसच्या खेपा लागतात, त्याचा हिशेब मांडावा. टेबलापाशी एक वही ठेवावी. कोणा बाईने येऊन विचारले, “माझ्या लेकीचं काही आहे का ह्याच्यात?” तर “आहे, मावशी, बसा” असे म्हणून आधी तिचे नाव लिहून घ्यावे. पेटी त्यानंतर पुढे करावी.